‘नामा म्हणे’ : पण कोणता नामा?

करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावर वसलेल्या गगनबावड्यांत काय, किंवा थेट पंढरपुरांत काय, भजनाला उभा राहिलेला वारकरी ‘नामा म्हणे’ हे शब्द उच्चारतो, तेव्हां त्याच्या मनांत एकच नामदेव असतात : इ. स. १२७० ते १३५० या काळांत होऊन गेलेले, ज्ञानदेवांचे सांगाती. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. आज नामदेवांची म्हणून जी गाथा छापली जाते, तिच्यांत एकाहून अधिक नाम्यांची रचना मिसळलेली आहे.

या मिसळणीचें एक कारण नामसादृश्य. सोळाव्या शतकांत विष्णुदास नामा या नांवाचा कवि झाला. त्यानें महाभारत ओवीबद्ध केलें. त्याचे अभंग मूळ नामदेवांच्या अभंगांत सहज जाऊन बसले. दुसरें कारण अधिक मनोवेधक आहे. कित्येक अनाम भक्तांनीं स्वतः अभंग रचिले आणि शेवटीं मुद्रा घातली ती नाम्याची. याला लबाडी म्हणणें अन्यायाचें होईल. वाङ्मयचोर दुसऱ्याच्या कृतीवर आपलें नांव घालतो. या मंडळींनीं आपल्या कृतीवर दुसऱ्याचें नांव घातलें, आणि स्वतः कायमचे नाहींसे झाले. कीर्तनकारांच्या बाडांतून हें सारें एकत्र उतरत गेलें.

मग निवड करावयाची कशी? अभंगांत कबीरासारख्या नंतरच्या पुरुषाचा उल्लेख आला, तर तो जुन्या नामदेवांचा नव्हे, हें उघड आहे. भाषेची कसोटी त्यामानानें फसवी. गाणाऱ्याच्या तोंडीं जुना शब्द पिढीगणिक नवा होतो, त्यामुळें अर्वाचीन दिसणारा अभंगही मुळांत प्राचीन असूं शकतो. शीखांच्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. तो ग्रंथ १६०४ सालीं सिद्ध झाला, म्हणून त्या पदांना निदान कालाची एक खालची मर्यादा मिळते. मराठी अभंगांना असा आधार क्वचितच लाभतो.

ज्ञानेश्वरीचें दैव याहून बरें. तिच्यांत शिरलेले अपपाठ एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, शोधून काढले, आणि पुढें कोणीं आपली ओवी तींत घालूं नये म्हणून सक्त ताकीद दिली. गाथेला असा राखणदार भेटला नाहीं.

ही केवळ पंडितांची करमणूक आहे, असें कोणीं समजूं नये. ज्ञानदेवांच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे नाम्याच्या नांवावरील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधि’ हीं प्रकरणें. तीं समकालीन सोबत्यानें सांगितलीं असतील, तर आळंदीच्या समाधीची हकीकत प्रत्यक्षदर्शी साक्ष ठरते. दोन-अडीचशें वर्षांनंतरच्या एखाद्या भाविकानें रचिलीं असतील, तर ती त्या भाविकाच्या काळाची श्रद्धा ठरते. नामदेवांच्या हयातींतील एकही पोथी उपलब्ध नसल्यामुळें प्रत्येक प्रकरण, किंबहुना प्रत्येक अभंग, निरनिराळा तपासावा लागतो.