‘कुबड्या खवीस’ म्हणजे नेमकं काय?

‘झपाटलेला’ (१९९३) तुम्ही पाहिलाच असेल. तात्या विंचू सगळ्यांच्या लक्षात राहतो. आज आपण त्याच्या साथीदाराकडे, म्हणजे बिपिन वर्टींच्या कुबड्या खवीसकडे बघू. नाव दोनच शब्दांचं आहे, पण शब्दाचा इतिहास कसा शोधायचा हे शिकायला चांगलं आहे.

‘कुबड्या’ सोपा वाटतो. कुबडी म्हणजे आधाराची काठी, तिचं अनेकवचन कुबड्या. पण इथे तो अर्थ बसत नाही. कुबड असलेला तो कुबड्या, जसा टक्कल असलेला टकल्या. रूप सारखं दिसलं म्हणून शब्द एकच आहे असं धरून चालू नका.

खरी गंमत ‘खवीस’मध्ये आहे. तो भुताचा एक प्रकार, एवढं आपण ऐकलेलं असतं. गोंदियात मराठीच्या जोडीला हिंदी सतत कानावर पडते, त्यामुळे मला ‘खबीस’ आठवला. मूळ अरबी शब्द. अर्थ दुष्ट, नीच. फारसी-उर्दूत दुष्ट आत्म्यालाही खबीस म्हणतात. मग ‘ब’चा ‘व’ झाला असेल का? नुसतं कानाला पटलं, हा पुरावा होत नाही. पण नवाब-नबाब, जवाब-जबाब या जोड्यांत हे दोन वर्ण एकमेकांची जागा घेताना दिसतात. आता मोल्सवर्थचा १८५७चा कोश उघडा. तिथे खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत.

इथे थांबा. मूळ शब्दात दुष्टपणा होता, मेलेल्या माणसाचा धर्म नव्हता. तो मराठीत आल्यावर चिकटला. का? आपली बाकीची भुतं बघा. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध, सोडमुंजीआधी मेलेल्या बटूचा मुंजा. म्हणजे भुतांची यादीही जात-धर्म बघूनच लावलेली. त्यात शेजारच्या धर्माच्या मृताला नाव मिळालं ते ‘दुष्ट’ या अर्थाचं. भुतं खरी नसतील, पण ही यादी करणारा समाज खरा होता.

मग सिनेमातलं नाव धर्मावरून ठेवलं का? असं म्हणता येणार नाही. आज ‘खवीस’ म्हटलं की बहुतेकांना नुसतं भीतीदायक आणि थोडं विनोदी काहीतरी आठवतं. शब्दाचा इतिहास वेगळा, नाव ठेवणाऱ्याचा हेतू वेगळा. पहिल्यावरून दुसरा सिद्ध होत नाही. तुमच्या प्रबंधातही पुरावा जिथे संपतो, तिथेच निष्कर्ष थांबवा.