पहिला रोजचा दागिना आणि चौदा कॅरेटचा प्रश्न

पीएच.डी.साठी विषय काय घेणार, असं विचारलं की बरेच जण 'महाराष्ट्रातील दागिन्यांचा इतिहास' अशा मापाचं काहीतरी सांगतात. त्यात गैर काही नाही. फक्त हा विषय झाला, प्रश्न अजून यायचाय. विषयावर वाचत बसता येतं, संशोधन मात्र प्रश्नावर करावं लागतं. तर विषयाकडून प्रश्नाकडे कसं यायचं, हे आज एका अगदी घरगुती गोष्टीवरून पाहू.

समजा, तुम्हाला पहिली नोकरी लागली आहे. चार पैसे साठलेत आणि रोज अंगावर राहील असा सोन्याचा एक दागिना घ्यायचा आहे. बारीक चेन, कानातले, अंगठी, नाहीतर छोटं मंगळसूत्र. सराफाकडे गेलात की पहिल्या पाच मिनिटांत कॅरेटचा मुद्दा निघतो. चोवीस कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं. ते इतकं मऊ असतं की रोजच्या वापरात वाकतं, झिजतं. म्हणून त्यात तांबं, चांदी वगैरे मिसळतात. बावीस कॅरेटमध्ये साधारण ९१.६ टक्के सोनं, अठरात ७५ टक्के, चौदामध्ये साधारण ५८.५ टक्के. भेसळ वाढली की दागिना कडक होतो, खडा घट्ट बसतो, आणि सोन्याचा अंश कमी म्हणून किंमतही उतरते.

घरातली मोठी माणसं म्हणतात, "बावीसच घे, मोडायची वेळ आली तर पैसे येतील." दुकानातली मुलगी म्हणते, "रोज घालणार असाल तर चौदा किंवा अठरा घ्या, टिकेल." दोघींचंही बरोबर आहे. एक जण दागिन्याकडे साठवण म्हणून बघते, दुसरी वस्तू म्हणून. आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारायचं: हा वाद आजचा आहे की जुना? आणि तो कधी सरकारदरबारी पोचला होता का?

१९६३: सरकारने कॅरेट ठरवलं तेव्हा

पोचला होता. चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती. देशात सोन्याचा भाव बाहेरच्या भावापेक्षा बराच चढा असल्यामुळे तस्करी जोरात होती आणि मुंबई तिचं मोठं केंद्र होती. ९ जानेवारी १९६३ रोजी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं. लगडी, नाणी अशा बिनदागिन्याच्या सोन्याची नोंद करणं बंधनकारक झालं. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायला बंदी आली.

सरकारचा हिशोब कागदावर सरळ होता. दागिना हौसेसाठी असतो, हौस चौदा कॅरेटमध्येही भागते, सोनं कमी लागेल, मागणी घटेल, तस्करीही आटेल. म्हणजे सरकार दुकानातल्या मुलीसारखंच बोलत होतं, फक्त हातात कायदा घेऊन.

पुढे काय झालं ते बघा. मोठ्या पेढ्या कशाबशा तगल्या. मार बसला तो गावोगावच्या सोनारांना, ज्यांचा सगळा हात बावीस कॅरेटवर बसलेला होता. चौदा कॅरेटचं सोनं ठोकायला, ओढायला, जोड द्यायला वेगळं लागतं, रंगही फिका येतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे गिऱ्हाईकच येईना. हजारो कारागिरांची कामं बसली. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, संसदेत त्यावर चर्चा झाली, मोर्चे निघाले. सप्टेंबर १९६३ मध्ये नियम सैल झाला: गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून त्याच शुद्धतेचा नवा घडवून द्यायला सोनारांना परवानगी मिळाली. १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अटच गेली. नियंत्रण मात्र १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या रूपाने चालू राहिलं. तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये, मधु दंडवते अर्थमंत्री असताना.

आता सप्टेंबरच्या त्या सवलतीकडे पुन्हा बघा. सरकारला माघार घ्यावी लागली ती नेमकी कुठे? 'मोडून नवं करण्या'वर. आपल्याकडे दागिना एकदा घेतला आणि संपलं, असं नसतं. आईच्या पाटल्या मोडून मुलीचं मंगळसूत्र होतं, त्यात थोडी भर घालून नातीच्या बांगड्या होतात. रोज अंगावर असलेलं सोनं असं घरात फिरत राहतं. बावीस कॅरेटची पाटली मोडून चौदा कॅरेटची करायची, तर ही साखळीच तुटते. शिवाय त्या वेळी सरकारी हॉलमार्क नव्हता. दागिन्याची शुद्धता म्हणजे ओळखीच्या सोनाराचा शब्द आणि त्याच्या कसोटीच्या दगडावरची रेघ. गहाण टाकताना, मोडताना त्याच शब्दावर पैसे मिळायचे.

मोडता येणं इतकं महत्त्वाचं का?

यासाठी थोडं मागे जाऊ. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडलं. रुपया पौंडाला बांधलेला असल्यामुळे इथे सोन्याचा रुपयातला भाव चढला. त्याच वेळी जागतिक मंदीमुळे शेतमालाचे भाव कोसळले होते, पण सारा आणि सावकाराचं देणं काही कमी झालं नव्हतं. मग लोकांनी दागिने मोडले. पुढची काही वर्षं मुंबई बंदरातून प्रचंड प्रमाणात सोनं देशाबाहेर गेलं. सरकारी हिशोबात ती 'निर्यात' आहे. घरातल्या बाजूने पाहिलं तर कुणाची तरी बोरमाळ, कुणाचे गोठ, कुणाची पुतळ्यांची माळ. त्या काळाची आठवण असलेल्या घरांना १९६३ मध्ये 'दागिना म्हणजे हौस' हे पटणं अवघड होतं.

यात आणखी एक पदर आहे, स्त्रीधनाचा. जमीन आणि घर बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर. बाईच्या हातात, किंबहुना अंगावर, जे होतं ते सोनंच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिच्या ताब्यातल्या मालमत्तेवर तिला पूर्ण मालकी दिली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सुरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की स्त्रीधन सासरी ठेवायला दिलं तरी ते तिचंच राहतं, आणि ते बळकावणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. खटला न्यायालयात जावा लागला, यातच बरंच काही आलं. म्हणून कपाटात ठेवलेला दागिना आणि रोज अंगावर असलेला दागिना यांत फरक पडतो. अंगावरचा दागिना कुणाला न विचारता गहाण टाकता येतो. पोराची फी, दवाखाना, बियाणं यांसाठी तो पहिला हातात येतो.

साधनं कुठे शोधायची?

इथे एक गंमत आहे, आणि अडचणही. ज्या दागिन्याचा इतिहास लिहायचा, तोच वितळून गेलेला असतो. संग्रहालयांत जे टिकलंय ते बहुतेक सणासमारंभाचं, श्रीमंत घरांतलं. रोजची साधी पाटली तिथे क्वचितच पोचते. मग वस्तूऐवजी तिचे कागद शोधायचे.

पहिला कागद म्हणजे लग्नाची याद. कुणी काय घालायचं, किती तोळ्यांचं, हे यादीत लिहिलेलं असतं. पुढे कायद्यानेही याद मागितली: हुंडाप्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवायची असते, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत आणि देणाऱ्याचं नाव यांसह. घरगुती याद आणि कायद्यातली यादी शेजारी ठेवून वाचा, काय लिहिलं जातं आणि काय वगळलं जातं ते लगेच दिसेल.

दुसरा कागद म्हणजे सराफाच्या वह्या आणि पावत्या. वजन, शुद्धता, घट, घडणावळ हे सगळं त्यात सापडतं. पण नाव कुणाचं असतं? पैसे देणाऱ्याचं. घालणारी कोण, हे पावती सांगत नाही. तिसरं साधन गहाणखत आणि सहकारी बँकांच्या सोनेतारण नोंदी. चौथं, जुने फोटो. त्यात सावध राहा: फोटो काढायला जाताना बाई घरात होतं नव्हतं ते सगळं घालून जायची, त्यामुळे फोटोतला दागिना 'रोजचा' धरू नका. आणि पाचवं, मुलाखती. "तुमच्याकडे कोणते दागिने होते?" असं विचारलंत तर यादी मिळेल. "भांडी घासताना हातात काय असायचं?" असं विचारा, मग रोजचा दागिना सापडेल.

प्रश्नात कोण नाही?

इतकं झाल्यावर वाटतं की प्रश्न हाती आला. अजून एक पायरी आहे. आपण आतापर्यंत 'बाई' म्हणालो ती नेमकी कोण?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांसमोर बोलले. लुगडं नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने यांवरून अस्पृश्य म्हणून ओळख पटते, तेव्हा त्या खुणा टाका, असं त्यांनी सांगितलं. गळाभर दागिने आणि कोपरापर्यंत चढवलेल्या हलक्या धातूंच्या पाटल्या नकोत. घालायचा तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असा त्या सांगण्याचा रोख होता.

आता हे १९६३ च्या शेजारी ठेवा. 'रोज अंगावर काय घालायचं' हा प्रश्न तोच आहे. पण महाडमध्ये त्याचं उत्तर टिकाऊपणावर किंवा मोडीच्या किमतीवर ठरत नव्हतं. रस्त्यात कुणी काय म्हणून ओळखावं, यावर ते ठरत होतं. ज्यांच्या घरात फिरत राहायला सोनंच नव्हतं, त्यांना बावीस की चौदा हा वाद लागूच नव्हता. तुमच्या मुलाखतींत, यादींत, पावत्यांत ही घरं नसतील तर तुमचा प्रबंध फक्त सोनं असलेल्यांचा इतिहास होईल. तसा तो चालेलही, पण मग शीर्षकात तसं लिहा.

आणि आज

भारतीय मानक ब्युरोचं सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ९१६, ७५०, ५८५ हे आकडे आता दागिन्यावरच कोरलेले असतात. २०२५ मध्ये नऊ कॅरेटही या यादीत आलं. साठ वर्षांपूर्वी सक्ती करूनही जे चौदा कॅरेट लोकांनी घेतलं नाही, ते आज मॉलमधल्या काउंटरवर आपखुशीने घेतलं जातंय.

हा झाला आपला प्रश्न: १९६३ मध्ये नाकारलेलं चौदा कॅरेट आज का चालतं?

यावर चार उत्तरं लगेच सुचतील. सोनाराच्या शब्दाची जागा सरकारी शिक्क्याने घेतली. बाईच्या नावावर पगार आणि बँक खातं आल्यामुळे साठवणीचं ओझं दागिन्यावरून उतरलं. भाव इतका चढला की बावीस परवडेना. किंवा खड्यांच्या नाजूक दागिन्यांची आवड वाढली आणि त्यांना कडक सोनंच लागतं. ही चारही गृहीतकं आहेत, निष्कर्ष नव्हेत. प्रत्येकासमोर लिहा: हे खरं असेल तर मला कोणत्या कागदात काय दिसलं पाहिजे? उदाहरणार्थ, दुसरं गृहीतक खरं असेल तर स्वतःच्या पगारातून घेणाऱ्या बायका चौदाकडे जास्त वळलेल्या दिसतील, आणि त्याच घरांत लग्नाचं सोनं मात्र बावीसच राहिलेलं असेल. हे तपासता येतं. एका शहरातल्या तीस-चाळीस मुलाखती आणि पावत्या घेऊन एम.ए.चा लघुप्रबंधही होऊ शकतो.

आणि तुम्ही खरोखरच पहिला दागिना घ्यायला निघाला असाल, तर आधी स्वतःला विचारा: हा घालायला घेतेय की अडीनडीला मोडायला? दोन्हींसाठी असेल तर बिनखड्याचा, बावीसचा, जरा जाड घ्या. फक्त घालायचा असेल तर चौदा-अठरा बिनधास्त घ्या, पण घडणावळ आणि खड्यांचे पैसे मोडताना सहसा परत येत नाहीत, हे धरून चाला. पावतीवर निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता, घडणावळ, खड्यांचं वजन आणि किंमत वेगवेगळी लिहून घ्या, एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर तपासा. पैसे तुमचे असतील तर पावतीही तुमच्याच नावाने करा, आणि ती जपून ठेवा. कोर्टात ती पुरावा असते, आणि पुढेमागे तुमच्या घराचा इतिहास लिहायला बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही तीच लागेल.