पाणीपुरवठा, मुंबई शहराचा

मुंबई शहराला नळाने पाणी पुरविण्याची व्यवस्था १८६० मध्ये विहार तलावापासून सुरू झाली. भारतातील आधुनिक नागरी पाणीपुरवठ्याच्या अगदी आरंभीच्या योजनांत तिची गणना होते. सध्या विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा व मध्य वैतरणा या सात जलाशयांतून बृहन्मुंबईस पाणी मिळते. या व्यवस्थेच्या इतिहासात तीन प्रश्न एकामागून एक पुढे आलेले दिसतात : पुरेसे पाणी मिळविणे, ते शुद्ध करणे आणि शुद्ध केलेले पाणी त्याच स्थितीत घरोघर पोहोचविणे. यांपैकी पहिल्या प्रश्नाकडे प्रारंभापासून सर्वाधिक लक्ष दिले गेले. दुसरा बऱ्याच उशिरा हाती घेण्यात आला. तिसरा अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

विहिरी व तलाव : मुंबई बेटावर बारमाही नदी नाही. पाऊस भरपूर पडत असला, तरी तो चार महिन्यांत पडून जातो आणि बेटाच्या अरुंद भूभागावरून लगेच समुद्रास मिळतो. त्यामुळे पूर्वी विहिरी व बांधीव तलाव यांवरच वस्तीची भिस्त होती. मुंबादेवी, गोवालिया, धोबीतलाव, कावसजी पटेल तलाव ही नावे त्या काळाची साक्ष देतात. तलाव बहुधा धनिकांनी धर्मार्थ बांधलेले असत. त्यांतच स्नान, कपडे धुणे व पिण्याचे पाणी भरणे चाले आणि भोवतालच्या वस्तीतील सांडपाणी झिरपून त्यांत येई. उन्हाळ्यात विहिरी आटत, तर समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होई. पटकी व नारू हे रोग नित्याचे होते. १८५४ मधील टंचाईत गुरे शहराबाहेर हलवावी लागली आणि बाहेरून पाणी आणून नागरिकांची गरज भागवावी लागली. या अनुभवामुळे बेटाबाहेरून कायमचे पाणी आणण्याच्या विचारास निकड प्राप्त झाली.

विहार ते तानसा : साष्टी बेटावरील मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून पाणी साठविण्याची योजना हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने मांडली. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी ८१ सेंमी. व्यासाच्या ओतीव लोखंडी नळातून शहरात आले. सुरुवातीस रोज सु. ३२ दशलक्ष लिटर पाणी मिळे. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८ लाखांवर भरली. त्यामुळे योजना पूर्ण होताच ती अपुरी ठरली. शिवाय विहारची पातळी मलबार टेकडीसारख्या उंच भागास पुरेशा दाबाने पाणी देण्याइतकी नव्हती. तुळशी तलाव त्याहून बऱ्याच उंचीवर असून तो १८७९ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे ही अडचण काही अंशी दूर झाली. पाणी रात्री साठवून दिवसा वाढीव मागणीच्या वेळी सोडता यावे, यासाठी मलबार टेकडी व भंडारवाडा येथे सेवा-जलाशय बांधण्यात आले. १८९० च्या सुमारास तातडीचा उपाय म्हणून पवई तलाव बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने तो पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला.

साष्टीतील तलावांनी प्रश्न सुटणार नाही, हे नगरपालिकेचे कार्यकारी अभियंते मेजर हेक्टर टलक यांनी १८७२ च्या सुमारासच दाखवून दिले होते. त्यांनी सुचविलेली तानसा योजना पुढे डब्ल्यू. जे. बी. क्लार्क यांच्या देखरेखीखाली पुरी झाली आणि १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. सह्याद्रीच्या पायथ्याशी बांधलेले हे दगडी धरण सु. २.८ किमी. लांब आहे. तेथून शहरापर्यंत पाणी पंपांशिवाय, केवळ उताराने वाहत येते. अशा व्यवस्थेचा चालू खर्च कमी असतो. मात्र नळमार्गाच्या संपूर्ण लांबीत उतार राखणे, खाड्या व दलदलीची खारट जमीन ओलांडणे, लोखंड गंजू न देणे ही कामे अवघड असतात. लोखंडी नळात आतून गंजाचे पुंजके वाढतात, पाण्याचा रोध वाढतो आणि नळाची वहनक्षमता वर्षानुवर्षे घटत जाते. म्हणून पुढील काळात पोलादी नळांना आतून सिमेंटचा लेप देण्याची पद्धत आली. तानशाची क्षमता १९१५, १९२५ व १९४८ मध्ये टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

सांडपाणी, विहिरी व हिवताप : नळाच्या पाण्याने एक नवा प्रश्न निर्माण केला. पाणी शहरात आले. ते वापरल्यानंतर वाहून नेणारी गटारे मात्र मागाहून, संथ गतीने झाली. सखल भागांत सांडपाणी जमिनीत मुरून भूजलाची पातळी वाढली आणि जुन्या विहिरी अधिकच दूषित झाल्या. पाणीपुरवठा व मलनिःसारण ही एकाच योजनेची दोन अंगे होत, हे तत्त्व मुंबईने अशा रीतीने अनुभवातून शिकले.

चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतील हिवतापाविषयी अहवाल सादर केला. शहरातील हिवतापाचा प्रसार करणारा ॲनॉफेलीस स्टीफेन्सी हा डास प्रामुख्याने घरगुती विहिरींत वाढतो, असे त्यात दाखविण्यात आले. त्यानुसार विहिरी बुजविण्याची किंवा झाकण्याची मोहीम सुरू झाली. धार्मिक विधींसाठी वाहत्या किंवा उघड्या विहिरीच्या पाण्यास महत्त्व देणाऱ्या पारशी व हिंदू नागरिकांनी तिला विरोध केला. १७२५ मध्ये खोदलेली चर्चगेटजवळील भिका बेहराम विहीर आजही पूजनीय मानली जाते. तथापि बहुसंख्य विहिरी बंद झाल्या. आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता. परंतु त्यामुळे दूरच्या तलावांवाचून शहराला दुसरा आधार उरला नाही.

वैतरणा व भातसा : १९५० व १९५७ मध्ये उपनगरे समाविष्ट होऊन बृहन्मुंबई अस्तित्वात आली. वाढलेल्या मागणीसाठी वैतरणा नदीवर काँक्रीटचे धरण बांधण्यात आले व १९५७ पासून त्याचे पाणी मिळू लागले. या जलाशयास अभियंते एन. व्ही. मोडक यांचे नाव देण्यात आले. १९७३ च्या सुमारास ऊर्ध्व वैतरणा योजनेचे पाणी मिळाले. हे पाणी वीजनिर्मितीनंतर नदीत सोडले जाते व खाली मोडक सागरात अडविले जाते. त्यानंतर भातसा योजना हाती घेण्यात आली. भातसा नदीचे पाणी पिसे येथे अडवून पंपांनी उचलावे लागते, म्हणजे उताराने वाहणाऱ्या पाण्याचा स्वस्त काळ येथे संपला. २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरणाच्या पाण्याने रोज ४५५ दशलक्ष लिटरची भर पडली. सातही जलाशयांची एकत्रित साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असून तीपैकी जवळजवळ निम्मी एकट्या भातसा जलाशयाची आहे. शहराला रोज सु. ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सु. १.२४ कोटी आहे.

या विस्ताराची दुसरी बाजूही आहे. तानसा व भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. मुंबईस जाणारे प्रचंड नळ त्यांच्या शिवारालगत जातात. दूरचे पाणी आणण्याच्या धोरणाची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न नव्या धरणांच्या प्रत्येक आराखड्याबरोबर पुन्हा उभा राहतो.

शुद्धीकरण : पाणी शुद्ध मिळविण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक म्हणजे निर्मळ उगम शोधून त्याचे पाणलोट क्षेत्र राखणे. दुसरा म्हणजे उपलब्ध पाणी यंत्रणेद्वारे शुद्ध करणे. यूरोपातील पुष्कळ शहरे प्रदूषित नद्यांचे पाणी घेत असल्याने त्यांना दुसरा मार्ग पतकरावा लागला. तानसा योजनेचे उद्‌घाटन झाले त्याच वर्षी, १८९२ मध्ये, जर्मनीतील हँबर्ग शहरात पटकीच्या साथीने ८,००० हून अधिक लोक दगावले. तेथे एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरविले जाई. लगतचे आल्टोना शहर त्याच नदीचे पाणी वालुका निस्यंदकांतून गाळून घेत असल्यामुळे बव्हंशी बचावले. रॉबर्ट कॉख यांनी पटकीच्या जंतूंसंबंधी केलेल्या संशोधनास या घटनेने ठोस पुष्टी मिळाली.

मुंबईने मुख्यतः पहिला मार्ग स्वीकारला. तलावांभोवतीची जंगले राखण्यात आली. विहार व तुळशीचे पाणलोट क्षेत्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी निगडित असून तानशाभोवती अभयारण्य आहे. शहरात काही निस्यंदक बांधण्यात आले असले, तरी तानसा व वैतरणा येथील विपुल पाणी दीर्घकाळ प्रामुख्याने क्लोरीन मिसळूनच पुरविले गेले. कोरड्या ऋतूत हे चालण्यासारखे होते. पावसाळ्यात मात्र पाणी गढूळ होते आणि मातीच्या सूक्ष्म कणांआड दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोहोचत नाही. लोकवस्ती व पाण्याचे प्रमाण वाढले तसा हा धोका वाढत गेला. म्हणून १९८० च्या सुमारास भांडुप येथे रोज १,९१० दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. भातसाच्या पाण्यासाठी पांजरापूर येथे केंद्रे उभारण्यात आली. या केंद्रांत तुरटीसारखी द्रव्ये मिसळून सूक्ष्म कणांच्या गाठी बनविल्या जातात, त्या टाक्यांत खाली बसू दिल्या जातात, निवळलेले पाणी वाळूच्या थरांतून जलद गाळले जाते आणि शेवटी क्लोरीनने निर्जंतुक केले जाते. द्रव्याची मात्रा पाण्याच्या गढूळपणानुसार वारंवार बदलावी लागते. त्यामुळे केंद्राची गुणवत्ता यंत्रांइतकीच तेथील प्रयोगशाळेच्या दक्षतेवर अवलंबून असते.

मोठ्या केंद्रांत काटकसर साधते, परंतु धोकाही एकवटतो. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुप संकुलात शिरून विद्युत् सामग्री बंद पडली आणि शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा खंडित झाला. भूपृष्ठावरील जुने नळ व त्यांना खेटून वाढलेली वस्ती यांवर उपाय म्हणून खोल बोगद्यांचा अवलंब करण्यात आला आहे. ठाण्याकडून भांडुपकडे येणारा सु. १५ किमी. लांबीचा बोगदा सु. १०० मी. खोलीवर आहे. तरीही कूपनलिकेच्या खोदकामात त्याला इजा पोहोचली व दुरुस्तीसाठी २०२३ मध्ये शहरात पाणीकपात करावी लागली.

वितरण : शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी निर्दोष असले, तरी नळाशी येणारे पाणी तसेच असेल याची त्यावरून खात्री देता येत नाही. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते. त्यासाठी शहराचे अनेक विभाग पाडलेले असून चावीवाले ठरलेल्या वेळी झडपा उघडतात व बंद करतात. पुरवठा बंद होताच नळातील दाब नाहीसा होतो. अशा वेळी सांध्यांतील फटींतून, गळक्या जोडण्यांतून व जवळून जाणाऱ्या गटारांतून दूषित पाणी आत ओढले जाते. पुरवठ्यास थेट पंप जोडण्याच्या प्रघाताने हे शोषण अधिकच वाढते. पुरवठा सुरू होताच पहिल्या प्रवाहाबरोबर ही घाण घराघरांत जाते. नळाशी प्रतिलिटर किमान ०.२ मिग्रॅ. शिल्लक क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. दूषित पाणी शिरलेल्या नळात तो सर्वप्रथम खर्ची पडतो.

ठरावीक तासांच्या पुरवठ्यामुळे प्रत्येक इमारतीस जमिनीखाली व गच्चीवर टाक्या बांधाव्या लागतात. ज्या डासासाठी विहिरी बंद झाल्या, तो आता या टाक्यांत वाढतो. सतत दाब ठेवावयाचा तर आधी गळती शोधून थांबवावी लागते, जुने नळ बदलावे लागतात व प्रत्येक जोडणीवर मापक बसवावा लागतो. ही कामे धरणाप्रमाणे नजरेत भरणारी नाहीत आणि गजबजलेल्या रस्त्यांखाली ती करणे कष्टाचे असते.

झोपडपट्ट्यांत ही समस्या सर्वांत तीव्र आहे. ठरावीक तारखेनंतर वसलेल्या वस्त्यांना अधिकृत जोडणी नाकारण्याचे धोरण दीर्घकाळ होते. परिणामी तेथील लोक चढ्या दराने पाणी विकत घेत किंवा गटारांतून ओढलेल्या लांबच लांब नळ्यांवर विसंबत. अशी प्रत्येक नळी संपूर्ण विभागाच्या पाण्यास धोका निर्माण करते. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असून तो घराच्या वैधतेवर अवलंबून ठेवता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. महानगरपालिकेने २०२२ मध्ये सर्वांना पाणी देण्याचे धोरण जाहीर केले. त्याची अंमलबजावणी हा केवळ न्यायाचा प्रश्न नसून सार्वजनिक आरोग्याचाही आहे, कारण एकाच नळजालावरील दोन वस्त्यांचे पाणी वेगवेगळे शुद्ध ठेवता येत नाही.

पुढील गरजेसाठी गारगाई व पिंजाळ नद्यांवरील धरणे आणि मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आखण्यात आला आहे. नवीन पाणी लागेलच. परंतु गळक्या व दाबहीन नळजालात ते सोडल्यास त्याचा काही भाग वाटेतच नाहीसा होईल व उरलेला दूषित होण्याचा संभव कायम राहील. विहारपासून मध्य वैतरणेपर्यंत मुंबईने पाणी आणण्याचे कौशल्य सिद्ध केले आहे. आणलेले पाणी शेवटच्या नळापर्यंत राखणे हे तिच्या पाणीपुरवठ्यापुढील मुख्य काम आहे.