पित्ताशय काढलंय आणि डायबेटिसही आहे? मग खायचं काय?

पित्ताशय काढून घरी आलं की तेलकट-तुपकट बंद होतं आणि ताटात येतात पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, चहासोबत खारी. डायबेटिस असलेल्यांचा घोळ इथेच होतो. भात-साबुदाण्याने साखर झपाट्याने वाढते. खारीत तर मैदाही आणि वनस्पती तूपही, म्हणजे दोन्हीकडून मार!

पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय ते फक्त साठवून घट्ट करतं. ते काढल्यावर पित्त सतत थोडं थोडं आतड्यात झिरपतं. त्यामुळे बेताचं तेल पचतं, पण वाशी स्टेशनबाहेर एका दमात दोन वडापाव खाल्ले तर जुलाब होऊ शकतात. बहुतेकांना हा त्रास काही आठवड्यांत कमी होतो.

नवी मुंबईच्या आगरी-कोळी घरांत उत्तर चुलीवरच आहे. बोंबील तळण्याऐवजी कमी तेल-खोबऱ्याच्या कालवणात घाला आणि तांदळाच्या भाकरीऐवजी नाचणीची किंवा ज्वारीची घ्या, तीही एकच. शाकाहारींसाठी मुगाचं वरण, दुधी, पडवळ, पातळ ताक. कडधान्यं हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस होतात.

भूक नाही म्हणून जेवण टाळलं, पण इन्सुलिन किंवा काही गोळ्या नेहमीसारख्या घेतल्या, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. डोस परस्पर बदलू नका, डॉक्टरांना फोन करा. जुलाब थांबत नसतील तर मेटफॉर्मिन घेत असल्याचंही सांगा. त्यानेही पोट बिघडतं. ताप, तीव्र पोटदुखी किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.