गोडाला बंदी नव्हती, तिथी होती

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एक विषय हमखास निघतो. मुलं भाकरीला तोंड लावत नाहीत, दुकानातला पुडा मागतात. दिला तर जेवण राहतं, नाही दिला तर रडारड. आज या प्रश्नाचा थोडा इतिहास बघू.

आपल्याकडे गोडाला बंदी कधीच नव्हती, तिथी होती. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी, नागपंचमीला दिंडं, गणपतीला मोदक, दिवाळीला फराळ. मधल्या दिवसांत भाकरी, कालवण, ठेचा आणि आपल्या मुळशी-मावळात भात. सणाचं ताटही नीट बघा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगं घातलेली मिसळीची भाजी. पुरणात हरभऱ्याची डाळ आणि तिच्याच पाण्याची कटाची आमटी. म्हणजे चैनीच्या दिवशीही पोटात डाळ-भाजी जात होतीच.

पण जुनं सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. गोड कमी होतं, कारण परवडत नव्हतं. साखर रेशनवर मोजून मिळायची. घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवायची, उरेल ते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आज्या अजून गावागावांत आहेत. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी त्यांनी थापल्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी वाटली जायची. तीही गोडच, पण तिथे ती पोटाचा आधार होती. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला देशात अंगणवाडीची योजना सुरू झाली आणि लहान मुलांचा खाऊ हा पोषणाचा विषय झाला.

मग तिथी सुटली कधी? पिंपरीत १९५० नंतरच्या दशकात पेनिसिलिनचा कारखाना आला. मग चिंचवड-भोसरीला एमआयडीसी आली. पगार, पाळी आणि डबा यांवर घर चालू लागलं. आपल्या मारुंजीच्या शेजारची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. हिंजवडीत आधी संत तुकाराम साखर कारखाना व्हायचा होता. ती जागा आयटी पार्कला द्यायचं ठरलं आणि कारखाना कासारसाईकडे गेला, असं शरद पवार यांनी जाहीर भाषणांत सांगितलं आहे. कारखाना तिकडे गेला, साखर मात्र पुड्यांत भरून आपल्या टपरीवर आली. पाच रुपयांना, रोज, कुठल्याही तिथीशिवाय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. दोन-दोन चमचे साखरेचे तीन चहा झाले की संपलं. मुलांना त्याहून कमीच. गूळही यातच धरायचा.

आता पैशाचा हिशेब. दोन मुलांना रोज पाच-पाच रुपयांचा पुडा म्हणजे महिन्याला ३०० रुपये. तेवढ्यात शेंगदाणे, फुटाणे, अंडी किती येतात ते दुकानात विचारून बघा.

म्हणून पुडा कायमचा बंद करू नका, त्याला वार द्या. आठवडे बाजाराचा दिवस ठरवा. त्या दिवशी भजी, जिलबी, वडापाव, मुलांना आवडेल ते, सगळ्यांनी मिळून खायचं आणि कुणाला टोकायचं नाही. इतर दिवशी शाळेतून आल्यावर भाकरीचा कुस्करा, फुटाणे किंवा केळं. "जेवलास तर चॉकलेट देते" हा सौदा मात्र करू नका. त्याने जेवण शिक्षा वाटतं आणि चॉकलेट बक्षीस.

आणि एक गोष्ट जुन्या काळातून मुळीच उचलू नका. त्या दिवशीच्या ताटात तुमचाही वाटा आधी काढून ठेवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घराचा वार सांगायचा.