अंकावर नाव कुणाचं?

ओपन सोर्समध्ये एक बरं असतं. कुणी पॅच पाठवला की तो चालवून बघता येतो. बातमीचं तसं नाही. लोकांनी पाठवलेल्या बातम्या चाळून कुठली पुढे सोडायची, हे ठरवायचं काम मी थोडे दिवस केलंय. त्यात धोका कसला, तर फार तर चार शिव्या!

आमच्या सोलापुरात १९३० साली हेच काम करणाऱ्यांना धोका वेगळा होता.

तेव्हा वर्तमानपत्रावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव लागायचं, ते १८६७ च्या कायद्याने. (हा कायदा मार्च २०२४ पर्यंत आपल्याकडे चालू होता, बोला!) १९२२ च्या दुरुस्तीनंतर संपादकाचंही नाव छापावं लागायला लागलं. म्हणजे बातमी पाठवणारा टोपणनाव घेऊन मोकळा, पण 'छापा' म्हणणारा उघड्यावर.

मग २७ एप्रिल १९३० ला व्हाइसरॉय आयर्विनने प्रेसचा वटहुकूम काढला. मिठाचा सत्याग्रह भरात होता. सरकारने छापखान्याकडून अनामत रक्कम मागायची आणि मजकूर आवडला नाही की ती जप्त करायची. डोकं बघा कसं चालवलंय! सरकारला प्रत्येक ओळ वाचायची गरजच नाही. पैसे अडकले की संपादक स्वतःच घाबरत घाबरत वाचतो, आणि शंका आली की काटतो. काटलेलं कुणाला दिसतही नाही. गांधीजींनी सांगितलं, अनामत भरू नका, छापखाना गेला तर जाऊ दे. नवजीवन छापखाना गेलाच, आणि 'यंग इंडिया' सायक्लोस्टाइल करून निघायला लागलं.

इकडे ५ मे ला गांधीजींना अटक झाली. ८ मे ला सोलापुरात गोळीबार झाला, लोक मेले, पोलीसही मारले गेले. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जवळपास नव्हता, आणि १२ मे ला लष्करी कायदा आला. आता प्रश्न अनामतीचा उरला नव्हता. 'कर्मयोगी'चे संपादक रामचंद्र राजवाडे यांना लष्करी कायद्याखाली तुरुंगात टाकलं.

पार्क चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र काढायचे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, ती पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून, पत्रासाठी नव्हे. हा फरक ठेवायलाच हवा. पण पुतळ्यापुढून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ते संपादक म्हणून माहीत असतील? मला शंकाच आहे.

असो. वटहुकुमाचं आयुष्य सहा महिन्यांचं. पण १९३१ मध्ये त्यातली अनामतीची कलमं रीतसर कायदा होऊन परत आली.