पिरॅमिडमधले दोन रोबो

इलेक्ट्रॉनिक संगीतात 'लाइव्ह' ते काय असतं? परवा ऑफिसात चहाच्या वेळी एका मित्राने हा प्रश्न टाकला. म्हणे, लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि हात वर करून नाचायचं! गायकाचा सूर घसरू शकतो, गिटारची तार तुटू शकते, पण इथे कसली जोखीम?

प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्यावर उत्तर म्हणून एकच अल्बम आहे. डाफ्ट पंकचा 'अलाइव्ह २००७'.

थोमा बांगाल्तर आणि गी-मानुएल द ओमेम-क्रिस्तो ही पॅरिसची जोडी. १९९७ साली बर्मिंगहॅमच्या क्यू क्लबमधल्या त्यांच्या कार्यक्रमाचं सुमारे ४५ मिनिटांचं सलग ध्वनिमुद्रण २००१ मध्ये आलं. छान आहे, पण तेव्हा त्यांच्या नावावर एकच अल्बम होता, 'होमवर्क'. मग 'डिस्कव्हरी'ने (२००१) जग जिंकलं आणि २००५ च्या 'ह्यूमन आफ्टर ऑल'वर समीक्षक तुटून पडले. कोरडा, तोच तो, यांत्रिक वगैरे. तो जेमतेम सहा आठवड्यांत केलेला होता, त्यामुळे बोलणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं.

एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोचेला महोत्सवात दोघं रोबोचे मुखवटे घालून एका झगमगत्या पिरॅमिडमध्ये उभे राहिले, आणि नापास ठरलेली तीच गाणी लोकांनी डोक्यावर घेतली!

हे कसं झालं? त्यांनी गाणी सुटी वाजवलीच नाहीत. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या लयीचे तुकडे एकाच लयीत बसवता येतात. त्याच्या जोरावर नव्या गाण्याचा रुक्ष ठेका खाली आणि जुन्या गाण्याची लाडकी धून वर, अशी सगळी वीण. बस्टा राइम्सने त्यांच्या 'टेक्नोलॉजिक'चा तुकडा उचलून 'टच इट' केलं होतं. यांनी ते परत आणून मूळ गाण्यावरच चढवलं. आपल्या भाषेत, ब्रांच पुन्हा ट्रंकमध्ये मर्ज केली.

अल्बम १४ जून २००७ चा, पॅरिसच्या बेर्सीमधला. 'अराउंड द वर्ल्ड'वर 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर'चे शब्द तुटक तुटक पडायला लागतात तिथे गर्दी ऐका. आधी थोड्यांना कळतं, मग सगळ्यांना, आणि मग जो कल्लोळ उठतो ना... अंगावर काटा! ओळखीचं काहीतरी येतंय हे हजारो लोकांना एकदम उमगण्याचा तो आवाज आहे. कुठल्याही स्टुडिओत तो बनत नाही. जोखीम म्हणाल तर इथे होती: लोकांनी ओळखलंच नसतं तर?

या अल्बमला २००९ मध्ये ग्रॅमी मिळालं. दौऱ्याची अधिकृत डीव्हीडी मात्र काढली नाही. 'हार्डर, बेटर...'चा व्हिडिओसुद्धा ब्रुकलिनच्या प्रेक्षकांनीच केलेल्या चित्रणातून जोडलेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये जोडी फुटली, त्यामुळे आता कानांवरच भागवायचं.

ऐकणार असाल तर शफल बंद करा. एका गाण्याचं शेपूट पुढच्यात अडकलेलं आहे.